क्रायो-ईएमचा स्लॉट घेताय? मशीनचं नंतर बघा, आधी स्क्रीनिंगला कोण बसतं ते विचारा

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो डेटा ट्रान्सफरसाठी. बुकिंग पोर्टलसाठी अजून अर्धा कापणार होते, पण स्क्रीनिंगला, म्हणजे गोठवलेलं सॅम्पल आधी तपासायला, जे सर बसतात त्यांच्यामुळे तो परत दिला. फॅसिलिटीचं नाव लिहीत नाही, सरकारी कारभार आहे, आम्हाला परत तिथंच जायचंय आणि आमच्या फील्डमध्ये माणसं इनमिन एवढीशी, कोणी लिहिलंय ते दोन मिनिटांत कळतं. पण ज्यांना पहिल्यांदाच बाहेरच्या सेंटरला क्रायो-ईएम (गोठवलेल्या सॅम्पलची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) करायला जायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा असलं काही वाचायला मिळालंच नाही, सगळीकडे मशीनचं कौतुक आणि चकाचक फोटो.

सगळे जण पहिला प्रश्न हाच विचारतात की मशीन कुठलं, किती केव्हीचं (म्हणजे इलेक्ट्रॉनला किती किलोव्होल्टचा जोर), डिटेक्टर कुठला. विचारा ना, पण सगळ्यात शेवटी विचारा. आधी हे विचारा की तुमचे ग्रिड (सॅम्पल गोठवायच्या बारक्या जाळ्या) तपासायला कोण बसतं आणि त्या माणसाला "हे चालणार नाही" म्हणायची मुभा आहे का. माझ्या मते पैसे त्याचेच द्यायचे असतात.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. प्रोटीनचा रेणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही कारण प्रकाशाची तरंगलांबीच रेणूपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून इलेक्ट्रॉन वापरायचे. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत व्हॅक्यूम असतो, पाण्यातलं प्रोटीन तसंच आत टाकलं तर पाणी उडून जाणार, आणि वर इलेक्ट्रॉनचा मारा झाला की रेणूची वाट लागणार. यावर तोडगा असा की पाणी इतक्या झटकन गोठवायचं की बर्फाचे स्फटिक बनायला वेळच मिळू नये, काचेसारखा बर्फ तयार व्हावा आणि प्रोटीन आहे त्या अवस्थेत त्यात अडकावं. हे जमवलं झाक दुबोशे आणि त्यांच्या टीमनं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ईएमबीएल या युरोपियन प्रयोगशाळेत. योआखिम फ्रँक यांनी हजारो धूसर फोटो एकत्र करून त्यातून रेणूचा आकार काढायचं गणित बसवलं, रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या प्रोटीनचं अणूंच्या पातळीवरचं मॉडेल काढून दाखवलं, आणि तिघांना मिळून २०१७ चं केमिस्ट्रीचं नोबेल. मधली कितीतरी वर्षं क्रिस्टलोग्राफीवाले (प्रोटीनचे स्फटिक करून एक्स-रेनं स्ट्रक्चर काढणारे) या मंडळींना हसायचे, 'ब्लॉबॉलॉजी' म्हणायचे, कारण नकाशात नुसते गोळे दिसायचे. मग २०१२-१३ च्या आसपास इलेक्ट्रॉन थेट मोजणारे डिटेक्टर आले, २०१३ च्या शेवटी टीआरपीव्ही१ हे चॅनेल (मिरची तिखट लागते ती याच्यामुळे) ३.४ अँगस्ट्रॉमला सुटलं (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, आकडा जितका लहान तितकं बारीक दिसतं), तेही क्रिस्टल न बनवता, आणि हसणारे पण गुपचूप ग्रिड ऑर्डर करायला लागले. कोविडच्या स्पाइक प्रोटीनचं पहिलं स्ट्रक्चर आठवत असेल, फेब्रुवारी २०२० मध्ये आलेलं, ते पण याच पद्धतीनं.

आमची लॅब पुण्यातली, मूळ काम प्रोटीन काढायचं आणि शुद्ध करायचं. इन्स्टिट्यूटमध्ये १२० केव्हीचा एक जुना मायक्रोस्कोप आहे, त्यावर निगेटिव्ह स्टेन होतं, म्हणजे युरॅनिल अ‍ॅसिटेट लावून रेणूची बाह्याकृती बघायची. त्याच्या पुढं जायचं तर बाहेर जावं लागतं. पूर्वी लोक डेटा घ्यायला थेट परदेशी जायचे म्हणे, आता देशातच काही ठिकाणी ३०० केव्हीची मशीनं आहेत आणि बाहेरच्या युजर्सना अर्ज करून वेळ मिळतो, ही चांगलीच गोष्ट झालीय. अ‍ॅकॅडमिकला रेट कमी, कंपनीवाल्यांना बराच जास्त.

अर्ज. फॉर्म लांबलचक आहे पण फॉर्मवर माझा राग नाही, उलट चांगला बनवलाय. रेणूचं वजन किती, कॉन्सन्ट्रेशन किती, बफरमध्ये (प्रोटीन ठेवायच्या द्रावणात) काय काय आहे, ग्लिसरॉल किती टक्के, जेलचा फोटो लावा, जेल फिल्ट्रेशनचा पीक लावा (दोन्ही प्रोटीन शुद्ध आहे का ते दाखवायला), आणि निगेटिव्ह स्टेनची इमेज लावल्याशिवाय फॉर्म पुढं सरकतच नाही. हे बरोबर आहे. क्रायोमध्ये प्रोटीन आणि बर्फ यांच्या घनतेत फारसा फरक नसतो म्हणून कॉन्ट्रास्ट मुळातच मरतुकडा, त्यात ग्लिसरॉल घातलंत की उरलासुरला पण जातो. आम्ही सगळे जण फ्रीझरमध्ये प्रोटीन ठेवायचं म्हणून सवयीनं १० टक्के ग्लिसरॉल घालतो, ते इथं चालत नाही, निघायच्या आधी बफर बदलून घ्या. राग पोर्टलवर आहे. फाईल चढवता चढवता लॉगआऊट होतं आणि भरलेलं सगळं जातं, त्यामुळे आधी वर्डमध्ये लिहून ठेवा आणि मग एका दमात चिकटवा. फोन केला तर उचलतात मात्र, आणि नीट बोलतात.

सॅम्पल न्यायचे दोन मार्ग. एक तर प्रोटीन बर्फाच्या डब्यात घालून न्यायचं आणि तिथं ताजं फ्रीझ करायचं, नाहीतर ग्रिड इथंच गोठवून ड्राय शिपरमध्ये न्यायचे. ड्राय शिपर म्हणजे आतून सच्छिद्र पदार्थ भरलेला थर्मास, तो नायट्रोजन पिऊन घेतो, आडवा केला तरी काही सांडत नाही, आणि म्हणूनच विमानाच्या नियमात त्याला परवानगी आहे. परवानगी आहे हे तुम्हाला माहीत असतं, काउंटरवरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही. आमच्या वेळेला त्यानं झाकण उघडायला लावलं, आतून पांढरी वाफ बाहेर आली, तो दोन पावलं मागं, त्याच्या मागचे आजोबा पण मागं, आणि मग सुपरवायझर येईपर्यंत मी तिथं उभी राहून लेटरहेडवरचं पत्र वाचून दाखवतेय. पत्र इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत न्या, वर मोठ्या अक्षरात 'नॉन-हॅझार्डस' लिहा आणि ओळखीच्या एजंटकडून कार्गोनं पाठवता आलं तर तेच करा. प्रोटीन नाजूक नसेल तर माझं मत सरळ आहे, तिथं जाऊन फ्रीझ करा.

कारण त्यांची फ्रीझिंगची खोली खरंच भारी आहे. डीह्युमिडिफायर सतत चालू, दाराला दुहेरी पडदा, आणि आत शिरताना मास्क कंपल्सरी. हा मास्क इन्फेक्शनसाठी नाही बरं का, आपल्या श्वासातली वाफ नायट्रोजनच्या भांड्यावर पडून तिचे बारीक कण ग्रिडवर जाऊन बसतात म्हणून. पावसाळ्यात आपल्याकडे हे किती होतं ते ज्यानं पुण्यात जुलैमध्ये ग्रिड गोठवलेत त्यालाच विचारा.

आता ग्रिड काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ३ मिलिमीटरची तांब्याची किंवा सोन्याची चकती, तिला जाळी, जाळीवर कार्बनचा पातळ पापुद्रा, आणि पापुद्र्याला ठरावीक अंतरावर गोल भोकं. आम्ही वापरतो त्यात भोक १.२ मायक्रॉनचं आणि दोन भोकांमधला पट्टा १.३ मायक्रॉनचा. फोटो काढायचा तो भोकाचा, म्हणजे भोकात पाण्याचा जो पडदा ताणला जातो त्यातल्या प्रोटीनचा. आधी ग्लो डिस्चार्ज करायचं (विजेनं भारलेल्या विरळ वायूत ग्रिड ठेवायचा), नाहीतर कार्बनवर पाणी पसरतच नाही. मग ग्रिड चिमट्यात धरून मशीनमध्ये लटकवायचा, आतल्या कप्प्यात ४ डिग्री आणि १०० टक्के ह्युमिडिटी, बाजूच्या छिद्रातून पिपेट घालून ३ मायक्रोलिटर सॅम्पल सोडायचं, दोन्ही बाजूंनी टिपकागद लावलेले पॅड येऊन जादाचं पाणी टिपतात, तीन-चार सेकंद, आणि सटकन ग्रिड खाली लिक्विड इथेनमध्ये.

सरळ नायट्रोजनमध्ये का नाही बुडवत असं आमच्या नव्या मुलानं विचारलं. नायट्रोजन उणे १९६ ला उकळत असतो, त्यात गरम वस्तू गेली की भोवती वायूचं आवरण धरतं आणि गार व्हायचा वेग पडतो. इथेन तसं करत नाही, उष्णता झपाट्यानं ओढून घेतं. पण ते स्वतः उणे १८३ च्या आसपास गोठायला लागतं, त्यामुळे वाटीच्या कडेला पांढरी रेघ धरली की समजायचं बरोबर आलंय, आणि ती आत सरकायला लागली की थांबून परत थोडं वितळवायचं. तिथले जे टेक्निशियन दादा आहेत त्यांचा सगळा कारभार त्या रेघेकडे बघून चालतो, थर्मामीटर बाजूलाच पडलेला. एकदा गोठल्यावर ग्रिड उणे १४० च्या वर जाता कामा नये, नाहीतर काचेचा बर्फ बदलून स्फटिकाचा होतो आणि सगळं मुसळ केरात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. टिपायच्या पॅडचा जोर म्हणून मशीनवर जो आकडा टाकतो ना, तो प्रत्येक मशीनचा आपापला असतो. आमच्याकडचा आकडा तिथं टाकला तर ग्रिड कोरडाठाक. म्हणून पहिले दोन-तीन ग्रिड नुसत्या बफरवर वाया घालवा, वाईट वाटून घेऊ नका. आणि ग्रिड लिहून ठेवताना नीट लिहा, डबीत चार खाचा असतात, कुठल्या खाचेत काय ते त्याच वेळेला वहीत, नंतर आठवेल म्हणून सोडलं की आठवत नाही.

आता मुख्य मुद्दा, स्क्रीनिंग.

गोठवलेला ग्रिड आधी एका बारक्या रिंगमध्ये क्लिप करतात, पेनसारखं हत्यार असतं, दाबलं की टिक आवाज येतो आणि स्प्रिंग बसते. आवाज आला नाही तर ग्रिड वाकला असं समजा. असे बारा ग्रिड एका कॅसेटमध्ये बसतात आणि कॅसेट २०० केव्हीच्या मशीनमध्ये जाते. मग स्क्रीनवर आधी अख्ख्या ग्रिडचा नकाशा येतो, त्याला अ‍ॅटलास म्हणतात. काळे चौकोन म्हणजे बर्फ जाड, अगदी पांढरे म्हणजे कोरडे किंवा फाटलेले, कामाचे मधले राखाडी.

स्क्रीनिंगचे सर मूळचे सांगलीचे निघाले, मग काय, मराठीतच चाललं सगळं. माणूस बोलायला कमी. पहिल्या ग्रिडचा अ‍ॅटलास आला, सरांनी खुर्चीत टेकून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात काय राम नाही, पुढचा लावू." मी म्हटलं सर, निदान एक चौकोन तरी बघू या. बघितला. भोकात बर्फ इतका जाड की प्रोटीन कुठं आहे तेच कळेना. पुढच्या ग्रिडवर उलटं, भोकाच्या मधोमध बर्फ इतका पातळ की रेणूंना तिथं जागाच नाही, सगळे कडेला जाऊन दाटीवाटीनं उभे. बर्फ रेणूपेक्षा जरासाच जाड हवा, साधारण दहाच्या काही पट नॅनोमीटर, आणि हे दोनशे किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं माप) वजनाच्या आमच्या कॉम्प्लेक्सला कसं दिसतं ते सरांनी भोकावर कर्सर फिरवत फिरवत दाखवलं, हे बघा इथं कडेपासून एवढ्या अंतरावर चांगलं आहे, इथं नाही, हे ठिपके म्हणजे वरनं पडलेला बर्फ, हा चट्ट्यापट्ट्यांचा भाग दिसतोय ना त्याला लेपर्ड स्किन म्हणतात, तो दिसला की चौकोन सोडून द्यायचा. दुपारपर्यंत मला स्वतःला चौकोन ओळखता यायला लागले. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत हो, आणि यासाठी ते काही वेगळे पैसे पण लावत नाहीत.

शेवटी एक ग्रिड झकास निघाला. बर्फ एकसारखा, रेणू भरपूर, एकमेकांना चिकटलेले नाहीत. मला वाटलं झालं काम, आता रात्री मोठ्या मशीनवर. सर म्हणाले थांबा. त्यांनी त्याच २०० केव्हीच्या मशीनवर शंभरेक मूव्ही (एकाच जागेचे पाठोपाठचे फ्रेम) घेतल्या, तिथल्या तिथं मोशन करेक्शन करून (फ्रेममधली हालचाल काढून) रेणू उचलले आणि टूडी क्लासिफिकेशनला लावलं. म्हणजे एकसारखे दिसणारे रेणू एकत्र करून त्यांची सरासरी काढायची, एकटा फोटो नुसता खरखरीत असतो पण सरासरीत आकार उठून येतो. चहा घेऊन येईपर्यंत क्लास आले. देखणे होते अगदी, गोल, मध्ये छिद्र, भोवती पाकळ्या. मी फोटो काढून लॅबच्या ग्रुपवर टाकणार तेवढ्यात सर म्हणाले, "सगळ्यांची टक्कलंच दिसतायत, तोंड एकाचं पण नाही. असल्या डेटावर तीनशे केव्ही जाळून काय करणार?"

तर भानगड अशी. पाण्याचा पडदा इतका पातळ की रेणू सतत हवा आणि पाणी यांच्या सीमेला जाऊन आपटतात, आणि तिथं आपली एकच बाजू वर करून चिकटून बसतात. सगळे रेणू वरूनच दिसत असतील तर कितीही लाख गोळा करा, बाजूची माहिती शून्य, नकाशा एका दिशेला ताणल्यासारखा येतो आणि रिझोल्युशनचा आकडा कागदावर चांगला दिसला तरी त्यात प्रोटीनची साखळी बसवायला गेलं की बसत नाही. यावर इलाज आहेत. ग्रिड ३० डिग्री तिरका करून डेटा घ्यायचा, पण मग इलेक्ट्रॉनच्या वाटेत बर्फ जास्त जाड पडतो आणि क्वालिटी पडते. ग्राफीन ऑक्साईडचा थर द्यायचा. नाहीतर सॅम्पलमध्ये गोठवायच्या क्षणी थोडं डिटर्जंट घालायचं, चॅप्सोसारखं, म्हणजे ते सीमेवर जाऊन बसतं आणि प्रोटीनला तिथं जागा उरत नाही. पण चॅप्सो घातलं की प्रोटीनचं कॉन्सन्ट्रेशन कितीतरी पटीनं वाढवावं लागतं, कारण आतापर्यंत सीमेवर गर्दी होत होती म्हणूनच रेणू भरपूर दिसत होते. ही शेवटची गोष्ट सरांनी सांगितली नसती तर आम्ही चॅप्सो घालून रिकाम्या भोकांचे फोटो काढत बसलो असतो.

आणि सरांनी आमचा रात्रीचा स्लॉट वेटिंगवाल्या दुसऱ्या ग्रुपला दिला. सरळ. आमचे गाईड फोनवर जाम वैतागले, स्लॉट मिळालाय तर घेऊन टाक ना, बघू नंतर काय होतं ते, पैसे भरलेत आपण. मी फोन सरांच्या हातात दिला. ते दोघं काय बोलले माहीत नाही, पण भरलेले पैसे पुढच्या स्लॉटला वळते झाले आणि गाईड गप्प झाले, जे सहसा होत नाही.

हे का महत्त्वाचं ते सांगते. ओळखीच्या एका लॅबनं दुसऱ्या एका ठिकाणी डेटा घेतला होता, तिथं ऑपरेटरनं काही न विचारता ग्रिड आत घातला, सॉफ्टवेअरला लावून दिलं आणि घरी गेला. हातात आल्या टेराबाइटच्या टेराबाइट जाड बर्फाच्या मूव्ही, बिल पूर्ण. ते बिचारे वर्षभर त्यातनं काहीतरी निघेल म्हणून क्लासिफिकेशन चालवत होते. आणि निघतं सुद्धा कधी कधी, तेच वाईट. हेंडरसन यांनी २०१३ मध्ये याच्यावर लिहिलंय, नुसत्या गोंधळाचे, काहीच नसलेले हजार फोटो आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवून सरासरी काढली की त्यातून आइन्स्टाइनच उगवतो. म्हणजे तुम्ही जे शोधायला जाल ते मिळेल, ते तिथं असो वा नसो.

मोठ्या मशीनबद्दल लिहायला फारसं नाही, जरी सगळ्यांना त्याचंच आकर्षण असलं तरी. टायटन क्रायोस, ३०० केव्ही, पुरुषभर उंचीच्या दुप्पट, पांढऱ्या कपाटात बंद, खोलीचं तापमान स्थिर, जमीन कंपन येऊ नये म्हणून वेगळी बांधलेली. तुम्ही त्याला हात लावत नाही. काचेतून बघता आणि शेजारच्या खोलीत बसता. चौकोन निवडले, भोकं निवडली की सॉफ्टवेअर स्वतः एकेका भोकावर जाऊन फोटो घेत बसतं, तासाला दोनशे-तीनशे मूव्ही सहज. आमचं सेटिंग ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: पिक्सेल ०.८३ अँगस्ट्रॉम, एकूण डोस चौरस अँगस्ट्रॉमला ५० इलेक्ट्रॉन, तो ५० फ्रेममध्ये वाटलेला, डीफोकस उणे ०.८ ते उणे २ मायक्रॉन. डीफोकस मुद्दाम ठेवायचा असतो, अगदी फोकसमध्ये आणलं तर प्रोटीन दिसतच नाही. पुढच्या स्लॉटला चॅप्सोवाल्या ग्रिडवर तोंडं पण दिसली, टक्कलं पण दिसली, सर "हं" एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून ते खूप झालं.

रात्रपाळीला जो मुलगा होता तो पण चांगला. पहाटे नायट्रोजन भरायची वेळ झाली तेव्हा मशीन थांबलं, तर त्यानं उठून परत अलाइनमेंट बघितली, नुसतं सुरू करून झोपला नाही.

आता डेटा ट्रान्सफर, म्हणजे तो गेलेला स्टार. काही टेराबाइटचा मामला आहे, इंटरनेटनं यायचा प्रश्नच नाही, हार्डडिस्कवर कॉपी करायचं. कॉपी करायला अख्ख्या फॅसिलिटीला एकच कॉम्प्युटर, त्यावर आधीच्या ग्रुपची कॉपी चालू, ती संपेपर्यंत आपण कॉरिडॉरमध्ये. मग आपली सुरू झाली तर स्पीड असा की बघत बसवत नाही. परतीचं तिकीट बदलावं लागलं. सर्व्हरवर डेटा ठरावीक मुदतीनंतर पुसतात, त्यामुळे कुरिअरनं पाठवा म्हणून निघून यायची पण भीती वाटते. एवढं कोट्यवधींचं मशीन आणि शेवटच्या टप्प्याला ही बोंब, हे आपल्याकडेच होऊ शकतं. तक्रार वहीत लिहून आलेय.

पण एक काम त्यांनी फार नीट केलं. निघताना एक छापील कागद दिला, त्यावर पिक्सेल साईझ, डोस, फ्रेम किती, व्होल्टेज, सगळं, आणि गेन रेफरन्सची फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये. गेन रेफरन्स म्हणजे डिटेक्टरच्या प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता वेगळी असते ती समान करायची फाईल, ती विसरलात तर घरी जाऊन बोंबलत बसाल. तुम्ही कुठेही जा, हा कागद आणि ती फाईल हातात पडल्याशिवाय कॅम्पस सोडू नका.

प्रोसेसिंग त्यांच्याकडे पण करून मिळतं, आम्ही घरीच केलं. रेलिऑन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, केंब्रिजच्या एमआरसी लॅबमधनं आलेलं, क्रायोस्पार्क अ‍ॅकॅडमिकला फुकट. जीपीयू मात्र बऱ्यापैकी लागतो. जायच्या आधी सराव करायचा असेल तर एम्पायर नावाचा सार्वजनिक साठा आहे, तिथं लोकांनी आपल्या मूळ मूव्ही ठेवल्यात, रेलिऑनच्या ट्युटोरियलचा बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा छोटा डेटासेट उतरवून घ्या आणि एकदा शेवटपर्यंत करून बघा. स्वतःचा डेटा आल्यावर शिकायला लागलं की घाईत सगळे चुकीचे क्लास ठेवले जातात. आणि डेटाचे दोन अर्धे भाग वेगळे ठेवूनच नकाशे काढा, दोन्हींची तुलना करून त्यांचं साम्य ०.१४३ च्या रेघेखाली जिथं उतरतं तो रिझोल्युशनचा आकडा खरा. मास्क (रेणूभोवतीची हिशेबाची चौकट) घट्ट आवळून आकडा सुधारता येतो, करू नका, रिव्ह्यूअर हल्ली हुशार झालेत.

आमचा नकाशा ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास आला. ८-९ ला असता तर हेलिक्स (साखळीचे पीळ) म्हणजे नुसत्या नळ्या दिसल्या असत्या, इथं नळीला बाजूनं फांद्या फुटलेल्या दिसतात, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा चपटा ठोकळा तर लांबूनच ओळखू येतो, आणि एकदा तो ओळखला की पुढची-मागची अमिनो आम्लं सीक्वेन्सप्रमाणे मोजत जाता येतं. किमेराएक्स या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा फिरवत एका फेनिलअ‍ॅलनिनवर मी किती वेळ बसले असेन त्याला हिशेब नाही. कुणी म्हणेल २०२० मध्ये अ‍ॅपोफेरिटिन १.२ अँगस्ट्रॉमला आलं, एकेक अणू सुटा दिसला, तुमचं ३ काय घेऊन बसलात. अहो, अ‍ॅपोफेरिटिन म्हणजे दगडासारखा टणक, २४ सारख्या तुकड्यांचा गोल डबा, मशीन तपासायला वापरतात तो. हलणाऱ्या-डुलणाऱ्या कॉम्प्लेक्सला ३ आलं तर पेढे वाटा. ब्रोशरमधला आकडा तुमच्या प्रोटीनला येईल असं धरून चालू नका, तो मशीनचा आकडा आहे.

कुणी जावं, कुणी नाही? प्रोटीन ५० किलोडाल्टनच्या खाली असेल तर आधी विचार करा, लहान रेणूंचा कॉन्ट्रास्ट इतका कमी की सॉफ्टवेअरला त्यांची दिशाच नीट ठरवता येत नाही. हिमोग्लोबिन ६४ किलोडाल्टनचं, ते २०१७ मध्ये फेज प्लेट (कॉन्ट्रास्ट वाढवणारं साधन) वापरून केलं तेव्हा केवढी बातमी झाली होती. लहानाला अँटीबॉडीचा तुकडा जोडून मोठं करतात, ते जमत असेल तर बघा. जेलवर तीन पट्टे दिसत असतील तर जाऊच नका, तिथले सर परत पाठवतील आणि बरोबर करतील. निगेटिव्ह स्टेनमध्ये रेणू एकसारखे, सुटे सुटे दिसतायत, मिलिलिटरला एक-दोन मिलिग्रॅम प्रोटीन हातात आहे, तर बिनधास्त अर्ज करा. क्रिस्टलसाठी लागतं त्याच्या मानानं हे काहीच नाही.

बाकी किरकोळ. कॅन्टीनमध्ये भात सोडून काही अपेक्षा ठेवू नका, फिल्टर कॉफी मात्र उत्तम. कंट्रोल रूममध्ये एसी कडक असतो, स्वेटर न्या. दोन हार्डडिस्क न्या, लिनक्सला चालतील अशा फॉरमॅट करून, आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा. परतीचं तिकीट कॅन्सल करता येईल असंच काढा, वर लिहिलंय त्या कारणासाठी. आणि गेस्टहाऊसचं बुकिंग स्लॉट कन्फर्म झाल्याची मेल येईल त्याच दिवशी टाका, नंतर मिळत नाही, आणि बाहेरची लॉज कॅम्पसपासून इतकी लांब आहेत की पहाटे रिक्षा मिळायची मारामार.